वाफ्यावरची पाटी



ज्या शाळेत मी मुळाक्षरे गिरवली त्या शाळेला एक बाग होती. बाग म्हणजे फाटकापासून पायऱ्यांपर्यंत दोहो बाजूंस क्रोटनच्या कुंड्या, मध्ये गुलाबांचा एक वाटोळा वाफा, आणि त्या वाफ्यात रोवलेली एक लोखंडी पाटी. पुस्तकाबाहेरचे जे पहिले वाक्य मी स्वतःच्या बळावर, अक्षराला अक्षर जोडून वाचले, ते त्या पाटीवरचे होते : ‘फुलांना हात लावू नये.’ वाचता आल्याचा आनंद आणि वाचलेल्या मजकुराचा धाक ही दोन्ही मला एकाच क्षणी लाभली. पुढे पुष्कळ वर्षांनी एका जर्मन शिक्षकाच्या लेखात मला दुसऱ्या एका पाटीचे वर्णन आढळले. तीही बागेतलीच, तीही वाफ्यातच रोवलेली. परंतु तिच्यावर त्या वाफ्याच्या धन्याचे नाव लिहावयाचे होते, आणि तो धनी म्हणजे चार-पाच वर्षांचे एक मूल होते. आजच्या भाषणात मी ह्या दुसऱ्या पाटीचा इतिहास सांगणार आहे.

आपल्या घरातील मूल ‘के. जी.’त जाऊ लागले, असे आपण कौतुकाने सांगतो. त्या दोन अक्षरांतील दुसरे अक्षर बागेचे आहे, ह्याची आठवण सांगणाऱ्यालाही नसते आणि ऐकणाऱ्यालाही नसते. ‘किंडरगार्टन’ ह्या जर्मन शब्दाचा अर्थ ‘मुलांची बाग’. हे निव्वळ काव्य नव्हते. ज्याने हा शब्द घडविला त्या फ्रेडरिक फ्रोबेलला मुले ही रोपटी आहेत हे रूपक तर अभिप्रेत होतेच. पण त्याबरोबर खरीखुरी माती, खरे बी आणि खरे खुरपेही अभिप्रेत होते. रूपक टिकले, माती गेली. ती कशी गेली आणि कोठे कोठे परत आली, ही हकीकत शिक्षणाच्या इतिहासात सहसा कोणी सांगत नाही.

फ्रोबेलचा जन्म 21 एप्रिल 1782 रोजी जर्मनीतील थुरिंजिया प्रांतातल्या ओबरवाईसबाख नावाच्या डोंगरी गावी झाला. वडील धर्मोपदेशक, सदैव कामात गढलेले. आई तो वर्षाचा व्हायच्या आतच वारली. पुढे सावत्र आई आली, तिला स्वतःचे मूल झाले, आणि हा मुलगा घरातल्या घरात परका झाला. 1827 साली माइनिंगेनच्या ड्यूकला लिहिलेल्या एका दीर्घ पत्रात त्याने आपले बालपण सांगितले आहे. ते वाचताना दोन गोष्टी मनात रुततात. पहिली ही की, वडिलांनी त्याला स्वतः वाचन शिकवावयास घेतले. पण काही केल्या ते त्याला साधेना. मुलगा मंद आहे असा ग्रह होऊन अखेर त्याची रवानगी गावातील मुलींच्या शाळेत झाली. दुसरी गोष्ट बागेची. घर, अंगण, कुंपण आणि कुंपणाच्या आत वडिलांची बाग, एवढेच त्या पोराचे जग होते. बागेत वडिलांच्या हाताखाली काम करताना मात्र तो मंद नव्हता.

ह्याच पत्रात हेझलच्या झुडपाची एक लहानशी आठवण आहे. थोरला भाऊ क्रिस्टोफ सुटीत घरी आला असता त्याने धाकट्याला हेझलच्या कळ्यांतील जांभळट तंतू दाखविले आणि वनस्पतींतही स्त्रीपुरुषभेद असतो हे समजावून सांगितले. घरात वडिलांचे कठोर उपदेश ऐकून गोंधळलेल्या त्या मुलाला ह्या एका वाक्याने मोठा धीर आला. झुडूप तर रोज दिसत होते. त्याच्याविषयी बोलणारे माणूस त्या दिवशी भेटले. पाहिलेल्या वस्तूला शब्द मिळाला की मूल कसे उजळते, हे फ्रोबेलला पुढे कोणत्याही ग्रंथातून शिकावे लागले नाही.

मधला काळ मी भराभर ओलांडतो. पंधराव्या वर्षी एका वनाधिकाऱ्याकडे उमेदवारी, मग येना येथील विद्यापीठात अर्धवट राहिलेले शिक्षण, 1805 मध्ये फ्रांकफुर्टच्या शाळेत शिक्षकाची नोकरी, स्वित्झर्लंडात इव्हरडन येथे पेस्तालोझीच्या सहवासात दोन वर्षे, बर्लिनमध्ये स्फटिकांचा अभ्यास, 1813 मध्ये नेपोलियनविरुद्धच्या युद्धात स्वयंसैनिक. हेझलच्या कळ्या दाखविणारा तो भाऊ त्याच वर्षी आजारी सैनिकांची शुश्रूषा करताना ज्वराने दगावला. त्याच्या पोरक्या मुलांना शिकवावे म्हणून फ्रोबेलने 1816 साली जी शाळा काढली, ती पुढच्या वर्षी कायलहाऊ ह्या खेड्यात स्थिरावली. 1826 मध्ये त्याचा ‘मानवाचे शिक्षण’ हा ग्रंथ तेथूनच प्रसिद्ध झाला. ग्रंथ कठीण आहे. फ्रोबेलची वाक्ये वाचताना त्याला लहानपणी वाचन का जमले नसावे ह्याचा थोडासा उलगडा होतो, असे मी विनोदाने म्हणतो.

खरा प्रयोग सुरू झाला तेव्हा तो पंचावन्न वर्षांचा होता. 1837 मध्ये ब्लांकेनबुर्ग ह्या लहानशा गावी त्याने शाळेत जाण्यापूर्वीच्या वयाच्या मुलांसाठी खेळांची साधने बनविण्यास आरंभ केला. संस्थेला नाव मात्र सापडेना. 1840 च्या वसंतात तो सहकाऱ्यांबरोबर डोंगरवाटेने ब्लांकेनबुर्गकडे चालला असता खाली पसरलेले खोरे पाहून एकाएकी थबकला आणि नाव सापडले म्हणून ओरडला, अशी आठवण त्याचा सहकारी बारोप ह्याने लिहून ठेवली आहे. त्याच वर्षी 28 जून रोजी ‘सार्वत्रिक जर्मन बालोद्याना’ची स्थापना झाली. त्या सुमारास जर्मनीभर गुटेनबर्गच्या मुद्रणकलेचा चारशेवा वर्षोत्सव चालू होता आणि त्याच उत्सवाचे निमित्त फ्रोबेलने साधले. अक्षरांच्या उत्सवात बागेचा जन्म व्हावा, हा योग मला मोठा मनोहर वाटतो.

आता ती बाग कशी होती ते पाहू. फ्रोबेलने मुलांच्या बागांविषयी एक स्वतंत्र लेख लिहिला आहे आणि तो, त्याच्या इतर लेखनाच्या मानाने, आश्चर्य वाटावे इतका व्यवहारी आहे. जागा शक्यतो लंबचौकोनी असावी. मधोमध मुलांचे स्वतःचे छोटे छोटे वाफे असावेत, प्रत्येक मुलाला एक. जागा अपुरी असेल तर दोघांत एक, म्हणजे परस्परांशी जुळवून घेण्याचा अभ्यास होईल. ह्या लहान वाफ्यांच्या सभोवार सर्वांच्या मालकीची मोठी बाग असावी. तिच्या एका भागात फुले आणि दुसऱ्या भागात भाजीपाला, धान्ये वगैरे शेतात पिकणारी रोपे असावीत. समाज व्यक्तीला कवेत घेऊन तिचे रक्षण करतो, ही कल्पना त्याने अशी जमिनीवर आखून दाखविली. सर्वांच्या बागेत सर्वांनी मिळून ठरल्याप्रमाणे काम करावयाचे. पण स्वतःच्या वाफ्यात मुलाने काय पेरावे आणि कसे पेरावे हे सर्वस्वी त्याच्या मर्जीवर. बी चुकीच्या वेळी टाकले आणि ते कुजले, तर ते त्याचे त्यालाच कळेल.

आणि मग पाट्या. सामाईक बागेत प्रत्येक रोपाजवळ त्या रोपाचे नाव असावे आणि लहान वाफ्याजवळ त्या मुलाचे नाव असावे. गृहिणी नव्या घराच्या दारावर पाटी लागली की दोन पावले मागे सरून ती न्याहाळते. ते सुख त्या मुलाचे. त्याला अजून वाचता येत नाही. पण ही पाटी माझी, आणि पलीकडची, जिचे पहिले अक्षर वेगळे दिसते ती शेजारच्या मुलीची, एवढे त्याला पहिल्याच आठवड्यात कळते. काही दिवसांनी मुळा आणि गाजर ह्यांची पाने अजून वर आलेली नसतात, दोन्ही वाफे सारखेच काळे दिसतात. तेव्हा कोठे काय पेरले हे सांगणारी वस्तू जगात एकच असते, ती म्हणजे पाटीवरची अक्षरे. जे डोळ्यांना दिसत नाही ते सांगण्यासाठी लेखन असते, हा लिपीचा सारा मर्म त्या क्षणी मुलाच्या हाती येतो. पंतोजींच्या छडीला हे कधी साधले असेल असे वाटत नाही.

फ्रोबेलच्या बालोद्यानात अक्षरे शिकवीत नसत, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. मुलाला आतून गरज वाटल्याखेरीज त्याच्यापुढे लिपी ठेवू नये, असा त्याचा कटाक्ष होता. ती गरज कशी जागी होते ह्याविषयी त्याने आयुष्याच्या अखेरीस, 1850 मध्ये, लीना नावाच्या सहा वर्षांच्या मुलीची एक गोष्ट लिहिली. वडिलांना आलेले पत्र पाहून लीनाला वाटते की आपणही असे लिहावे. आई तिला खेळातल्या काड्या देते. त्या उभ्या-आडव्या-तिरक्या मांडून ती अक्षरे बनवू लागते. आणि पहिला शब्द कोणता, तर तिचे स्वतःचे नाव. म्हणजे येथेही आरंभ नावापासूनच. लिहिणे आधी आणि वाचणे मागाहून, हा जो क्रम पुढे रोममध्ये मारिया माँटेसरीने जगाला दाखविला, तो ह्या छोट्या गोष्टीत आलेला आहे. फ्रोबेलच्या 1844 सालच्या मातृगीतांच्या पुस्तकातही छोट्या माळिणीचा एक बोटांचा खेळ आहे. हातांच्या ओंजळीची झारी करून फुलांना पाणी घालावयाचे आणि तोंडाने त्याचे शब्द म्हणावयाचे. हात आणि जीभ ह्यांना एकाच गाड्याला जुंपण्याची ही युक्ती आपल्या आजीबाईंच्या ‘चिऊ-काऊ’च्या घासाहून फार वेगळी नाही.

7 ऑगस्ट 1851 रोजी प्रशियाच्या सरकारने बालोद्यानांवर बंदी घातली. ती नास्तिकता आणि समाजवाद पसरवितात असा आरोप होता. फ्रोबेलच्या कार्ल नावाच्या पुतण्याने लिहिलेल्या एका पुस्तिकेचा डाग काकाच्या माथी आला, असे सांगतात. सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याने अर्ज केले, खुलासे केले. उपयोग झाला नाही. 21 जून 1852 रोजी तो वारला. बंदी 1860 मध्ये उठली. वाफ्यावर मुलाचे नाव लिहिणारा माणूस राज्याला इतका भयंकर वाटावा ह्याचे नवल वाटते खरे, परंतु थोडा विचार केल्यास त्या मंत्र्याचीही दृष्टी अगदीच अधू नव्हती असे म्हणावे लागेल. ज्याला चौथ्या वर्षीच स्वतःचा वाफा आणि स्वतःचे मत लाभले, तो पुढे मुकाट्याने हुकूम पाळील ह्याची शाश्वती कोणी द्यावी?

बंदीमुळे फ्रोबेलच्या शिष्या देशोदेशी पांगल्या आणि त्यांच्याबरोबर बालोद्यानही पसरले. 1851 मध्ये लंडन, 1856 मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन प्रांतातले वॉटरटाउन, 1860 मध्ये बोस्टन, 1873 मध्ये सेंट लुइसच्या सरकारी शाळा. ह्या विजययात्रेतच बाग हरवली. मोठ्या शहरांत शाळेला खोल्या मिळत, जमीन मिळत नसे. शिवाय फ्रोबेलने बनविलेले लाकडी चेंडू, ठोकळे व कांड्या पेटीत भरून विकता येत. माती पेटीत भरून विकता येत नाही. साधनांचे कारखाने निघाले, साधनांनाच पद्धती म्हणू लागले, आणि ‘मुलांची बाग’ चार भिंतींच्या आत ठोकळ्यांच्या रांगा लावीत बसली. आपल्या शहरांत हा शब्द पोहोचला तो असा बागेवाचून पोहोचला.

परंतु आपल्याकडे माती आणि अक्षर ह्यांना एकत्र आणण्याची कल्पना जर्मनीहून यावयाची राहिली होती असे नाही. 1882 साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले ह्यांनी जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध वाचन-लेखन आणि हिशेब ह्यांच्याबरोबरच शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे अशी मागणी आहे. फुले स्वतः फुलांच्या व्यवसायातील घराण्यातले. बाग हा त्यांच्या दृष्टीने करमणुकीचा विषय नव्हता. कुणब्याच्या मुलाला शाळेत जे शिकवितात त्याचा त्याच्या वावराशी काहीच संबंध नसेल तर तो शाळेत का बसेल, हा त्या मागणीमागचा रोकडा प्रश्न आहे. आयोगाने ऐकले, नोंदले, आणि शाळा होत्या तशाच चालू राहिल्या.

इकडे रोममध्ये 6 जानेवारी 1907 रोजी सान लोरेन्झो ह्या गरीब वस्तीत माँटेसरीबाईंचे पहिले बालगृह उघडले. त्यांच्या मुख्य ग्रंथात रोपे आणि प्राणी ह्यांच्या संगोपनावर एक संपूर्ण प्रकरण आहे. बी पेरून वाट पाहण्याने मुलाला दूरदृष्टी आणि धीर येतो, हे त्यांनी तेथे सांगितले आहे. त्यांच्या मुलांच्या हातून पहिले लेखन घडले तेही गच्चीवर, डिसेंबरातल्या उन्हात. एका मुलाने खडूने धुराड्याचे चित्र काढले आणि मग ‘मला लिहिता येते’ असे ओरडत तो फरशीवर शब्दच लिहू लागला. उघड्या आकाशाखाली मूल बोलके होते, हा अनुभव ज्यांना घरी मुले आहेत त्या सर्वांना असेलच.

माँटेसरीचा हा विचार पश्चिम हिंदुस्थानात रुजविला तो गिजुभाई बधेका ह्यांनी. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत 1920 साली त्यांनी बालमंदिर काढले. 1923 मध्ये राजकोटची नोकरी सोडून एक मराठी पदवीधर बाई त्यांना येऊन मिळाल्या. त्या ताराबाई मोडक. पुढे 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, 1936 मध्ये दादरला शिशुविहार निघाला. येथवरचे काम शहरी, सुशिक्षित घरांतील मुलांसाठी होते आणि ते ताराबाईंना टोचत होते. 1945 साली, त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी मुंबई सोडली आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील समुद्रकाठच्या बोर्डी ह्या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. पुण्याहून शिक्षिका अनुताई वाघ त्यांना तेथे साथ द्यावयास आल्या.

बोर्डीच्या ह्या शाळेला नाव पडले ‘बालवाडी’. किंडरगार्टनचे भाषांतर आपल्याकडे ‘बालोद्यान’ असे केले जात असे आणि ते निर्दोष आहे. परंतु उद्यान म्हटले की डोळ्यांपुढे राजवाडा येतो, कारंजे येते, आणि मघाची ती लोखंडी पाटीही येते. ‘वाडी’ म्हटले की नारळ-पोफळी, केळी, पाटाचे पाणी आणि राबणारी माणसे येतात. कोकणपट्टीत वाडी हे नाव बागेलाही आहे आणि चार घरांच्या वस्तीलाही आहे. फ्रोबेलला जे दोन्ही मिळून म्हणावयाचे होते, बाग आणि समाज, ते ह्या एका देशी शब्दात आयते बसले. बोर्डी-घोलवडचा परिसर चिकूच्या वाड्यांसाठी प्रसिद्ध. तेथे हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागला नसेल.

परंतु पहिली अडचण लगेच उभी राहिली. गावातल्या बऱ्या स्थितीतील घरांची मुले बालवाडीत आली. दलित वस्तीतली आणि आदिवासी पाड्यांवरची येईनात. तेव्हा मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, असे ठरले, आणि तिला नाव मिळाले ‘अंगणवाडी’. पुढे 1957 च्या सुमारास कार्य कोसबाडच्या टेकडीवर हलले. तेथे वारली मुले अंगणातही सापडत ना; ती गुरांमागे रानात गेलेली असत. म्हणून शाळा आणखी एक पाऊल पुढे गेली आणि कुरणावरच भरू लागली. ती ‘कुरणशाळा’. गुरे चरत आहेत, आणि झाडाखाली शिकणे चालू आहे, असे ते चित्र. माँटेसरीची महागडी साधने येथे परवडणारी नव्हती आणि शोभणारीही नव्हती. त्यांच्या जागी शिंपले, बिया, पाने, फुले, दगडगोटे आले.

ही केवळ काटकसर होती असे मला वाटत नाही. वारली मुलाची घरची बोली वेगळी, पुस्तकाची मराठी वेगळी. वर्गात बसविल्यावर ते मूल मुके होते; कारण तेथील प्रत्येक वस्तूचे नाव शिक्षिकेला ठाऊक असते आणि त्याला नसते. रानात गेल्याबरोबर पारडे फिरते. कोणते पान कडू, कोणत्या कंदाला खाज, कोणते फळ कधी पिकते, हे त्याला ठाऊक असते आणि पुण्याच्या बाईंना विचारावे लागते. जो विचारला जातो तो बोलतो. आणि बोलणे सुरू झाल्यावाचून वाचणे सुरू व्हावयाचे नाही, ही गोष्ट शिक्षणशास्त्राच्या कोणत्याही प्रबंधाइतकीच ह्या कुरणाने सिद्ध केली असे मी समजतो. अनुताईंनी आपल्या ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ ह्या पुस्तकात तेथील अनुभव सांगितले आहेत. ज्यांनी ते वाचले नसेल त्यांनी अवश्य मिळवून वाचावे.

बागेतून भाषा येते म्हणजे नेमके काय होते? शब्द वाढतात, हे तर उघडच. शहरातील मुलाला ‘झाड लावणे’ एवढे एकच क्रियापद माहीत असते. पण भात पेरतात आणि मग रोप उपटून लावतात, भुईमूग टोकतात, खांब रोवतात, वेल मांडवावर चढवितात, आळे करतात, वाफा बांधतात, तण खुरपतात, पाणी शिंपतात, शेंडा खुडतात. मोड, कोंब, अंकुर, धुमारा, पालवी हे पाच शब्द घरी बसलेल्याला एकाच अर्थाचे वाटतात. मटकीला मोड येतात, बांबूला कोंब फुटतो, छाटलेल्या फांदीला धुमारा येतो आणि पालवी सबंध झाडाला येते, हा भेद शब्दकोशातून शिकवू गेल्यास मूल जांभई देईल. वाफ्यापाशी ते स्वतःच आपल्याला दुरुस्त करते. ह्याहून सूक्ष्म लाभ काळाचा आहे. ‘काल पेरले, आज दिसत नाही, परवा उगवेल’ असे म्हणताना मूल भूत, वर्तमान आणि भविष्य एका दमात वापरते, व तेही परीक्षेसाठी नव्हे, तर उत्कंठेने. ‘पाणी घातले नाही म्हणून वाळले’ ह्या वाक्यात कार्यकारणभाव आहे. ‘घातले असते तर जगले असते’ ह्यात संकेतार्थ आहे, आणि थोडा पश्चात्तापही. मोहरीचा दाणा दोन बोटांच्या चिमटीत धरून नेमका खड्ड्यात सोडणाऱ्या हाताला पुढे बोरू किंवा पेन्सिल धरणे जड जात नाही, हे वेगळेच.

आपल्या पूर्वजांना हा संबंध नीट ठाऊक असावा, नाहीपेक्षा त्यांनी ग्रंथाच्या अवयवांना झाडाच्या अवयवांची नावे दिली नसती. आपण पुस्तकाचे ‘पान’ उलटतो. रामायणाची ‘कांडे’ आहेत. कांड म्हणजे दोन पेरांमधला भाग. महाभारताची ‘पर्वे’ आहेत. पर्व म्हणजे उसाचे वा वेळूचे पेर. भागवताचे ‘स्कंध’ आहेत. स्कंध म्हणजे खोड. कठोपनिषदाच्या ‘वल्ली’ आहेत. वल्ली म्हणजे वेल. भूर्जाची साल आणि ताडाचे पान ह्यांवर लिहिणाऱ्या लोकांची ही भाषा आहे, आणि आरंभीच्या अक्षरांना आपण म्हणतो काय, तर ‘मुळाक्षरे’.

बोर्डीच्या अंगणातला तो शब्द पुढे फार मोठा झाला. 2 ऑक्टोबर 1975 रोजी भारत सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले. आज देशभर अशी सुमारे चौदा लक्ष केंद्रे आहेत. भाषा कोणतीही असो, नाव हेच. ह्या केंद्रांना आता परसात ‘पोषण वाटिका’ करण्यास सांगितले जाते. पालक, शेवगा, पपई लावावी आणि मुलांच्या ताटात घालावी, हा हेतू. हेतू उत्तमच आहे. भुकेल्या मुलाला आधी जेवण पाहिजे. परंतु ती वाटिका लावतात मोठी माणसे, राखतात मोठी माणसे, आणि मुले पंगतीला तेवढी येतात. वाडी परत आली, ती पोटाच्या वाटेने आली. वाफा मुलाचा नाही आणि वाफ्यावर त्याच्या नावाची पाटीही नाही. आणि आपली शहरी घरे? आपण मुलांना फळांची चित्रे असलेले पुस्तक आणून देतो आणि ‘ड’ डाळिंबाचा म्हणून पाठ करवून घेतो. डाळिंबाचे फूल कोणत्या रंगाचे असते हे विचारले तर मूल आईकडे पाहते आणि आई पुस्तकाकडे पाहते.

माझ्या धाकट्या बहिणीची नात पाच वर्षांची आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, तेलाचा रिकामा डबा आडवा कापून तिला मी गेल्या पावसाळ्यात एक वाफा करून दिला. मेथीचे दाणे घरातलेच होते. पेरून झाल्यावर तिने विचारले, ‘आजोबा, उद्या मी विसरले तर?’ मी म्हटले, ‘मग लिहून ठेव.’ तिला ‘म’ येत होता, ‘थ’ येत नव्हता. तिने आईस्क्रीमच्या काडीवर ‘मे’ लिहिले, आणि पुढे दाण्याएवढे एक टिंब काढून मला सांगितले की हे उरलेले अक्षर अजून उगवायचे आहे. चौथ्या दिवशी मेथी वर आली. त्या संध्याकाळी ‘थ’ कसा काढतात ते विचारीत ती माझ्यामागे सबंध घरभर फिरली, आणि काडी उपटून, माती झटकून, तिने शब्द पुरा केला. वेलांटी ऱ्हस्व पडली आहे. मी ती दुरुस्त केलेली नाही.